पंचमीचा झोका आणि मडक्यातला नाग

कुणाच्या भाकऱ्या उरकल्या असतील, कुणाचा तवा अजून चुलीवर असेल. हातातलं काम सोडू नका, करता करता ऐका. आम्ही शिराळा तालुक्यातल्या एका लहान गावातल्या बचत गटाच्या बायका. इथं माईकसमोर गटाची समन्वयक म्हणून एकटीच बसले आहे, पण काय बोलायचं ते ठरवायला बाराजणी बसलो होतो आणि दोन ठिकाणी चांगलं भांडणही झालं. म्हणून पुढचं सगळं ‘आम्ही’ म्हणूनच सांगते.

केंद्रावरच्या ताईंनी विषय दिला होता, बायकांचं फिरणं आणि निसर्ग. तो ऐकून आमच्यातल्या थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, “सगळा जन्म रानात गेला की. भांगलायला, वैरणीला, जळणाला. आता त्यात आणि फिरणं कसलं?” खरं आहे त्यांचं. रानात जाणं आपल्याला नवं नाही, रिकाम्या हातानं जाणं नवं आहे. डोक्यावर भारा नाही, हातात खुरपं नाही, घरी कुणी वाट बघत नाही, असं रानात आपण कधी गेलो होतो? आम्ही एकमेकींना विचारलं. लग्न झाल्यापासून एकदाही नाही, असं सांगणाऱ्या सातजणी निघाल्या.

मग एक वहिनी म्हणाल्या, “पंचमीला जात होतो की.” आणि सगळ्यांचे चेहरेच बदलले.

पंचमीचं तुम्हाला काय सांगायचं! आदल्या दिवशी भावासाठी उपास. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. रानात नांगर धरायचा नाही, माती उकरायची नाही. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आलेल्या. चिंचेला, लिंबाला झोके बांधलेले. गावाबाहेर वारुळाला जायचं, लाह्या वाहायच्या, आघाडा-दूर्वा वाहायच्या, फेर धरायचा. रात्री झिम्मा-फुगडी. वर्षातून एक दिवस का होईना, बायकांनी घराबाहेर, झाडाखाली, पावसाच्या सरीत मनासारखं हुंदडायचं आणि कुणी काही बोलायचं नाही, असा तो सण. आज लोक त्याला निसर्ग पर्यटन म्हणतात. आमच्या आज्या त्याला पंचमी म्हणायच्या.

पण आम्ही शिराळ्याच्या. बत्तीस शिराळ्याची पंचमी निराळी, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोष्ट अशी सांगतात, की गोरक्षनाथ भिक्षेला आले तेव्हा महाजनांच्या घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजायची रीत पडली. आमच्या आयांनी पुजले, आम्हीही पुजले. पंचमीच्या आधीच गल्लोगल्लीच्या मंडळांची पोरं काठ्या घेऊन बांधाबांधानं फिरायची. नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायचं. पंचमीला सकाळी घरोघरी ओवाळणी, अंबामातेचं दर्शन, मग ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून मिरवणूक. कुणाचा नाग फणा किती उंच काढतो, याची चढाओढ. धामणी असायच्या, घोरपडी असायच्या. परगावची, परदेशची माणसं कॅमेरे घेऊन यायची. मुंगी शिरायला जागा नसायची.

आमच्यातल्या निम्म्याजणींच्या घरात अजून तो फोटो आहे. नव्या नवरीनं हिरवा चुडा भरलेल्या हातानं नागाला ओवाळतानाचा. खोटं कशाला बोलायचं, आम्हाला अभिमान होता. आमच्या गावच्या नागाला विषाचा दात असतो, तो काढलेला नसतो, तरी तो आम्हाला चावत नाही, असं आम्ही परगावच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो. पकडलेले नाग पंचमीनंतर जिथले तिथं सोडायचे, हीसुद्धा रीतच होती. गारुड्यासारखं टोपलीत घालून गावोगाव हिंडवायचं आमच्यात नव्हतं. हे आधीच सांगते, कारण शिराळ्याचं नाव निघालं की पुष्कळजण दोन्ही एकाच तराजूत घालतात.

आता वय तिशी-चाळिशीतलं असेल तर तुम्हालाही आठवेल, आपल्या लहानपणी जनावर बघायचं म्हणजे बांधलेलंच बघायचं. दारात दरवेशी यायचा, अस्वलाच्या नाकात दोरी. पोरगं दचकत असेल तर त्या अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधायचे. माकडवाला यायचा. पोपट चोचीनं चिठ्ठी काढून भविष्य सांगायचा. उरसात, जत्रेत सर्कस. आणि सर्कस तर आपल्या सांगलीकडच्यांच्या घरचीच. विष्णुपंत छत्र्यांनी हिंदी माणसाची पहिली सर्कस काढली ती १८८० च्या सुमाराला, आणि पुढं म्हैसाळच्या देवलांची, तासगावच्या परशुराम माळ्यांची सर्कस देशभर गाजली. आमच्यातल्या एका काकींनी लहानपणी वाघाला पेटत्या कड्यातून उडी मारताना बघितलंय. त्या म्हणतात, टाळ्या वाजवून हात दुखले होते.

मग हळूहळू हे सगळं गेलं. १९९८ साली सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना शिकवून खेळ करायला बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. त्या वेळी आम्हाला याची खबरही नव्हती. सर्कशीत वाघ नाही, मग तिकीट कशाला काढायचं, एवढंच घरातली माणसं बोलायची.

आमच्यापर्यंत ती गोष्ट आली २०१४ साली. मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि शिराळ्यात नाग धरणं, मिरवणं, खेळवणं बंद झालं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होताच, त्याची अंमलबजावणी आता आमच्या दारात आली. पंचमीला गल्लीगल्लीत पोलीस, वन खात्याची माणसं. मंडळांनी मातीचा नाग पुजला. त्या वर्षी आमच्या सासवा रडल्या, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. भावाला ओवाळायला जावं आणि दारात पोलीस उभा असावा, असं वाटलं त्यांना. शहरातली माणसं टीव्हीवर आम्हाला अडाणी म्हणत होती, तेही ऐकलं. ज्यांनी कधी बांधावर पाय ठेवला नाही त्यांनी आम्हाला साप शिकवायचा, याचा राग अजून पुरता गेलेला नाही. २०२५ साली केंद्राकडून मोजक्याच नागांना, अभ्यास आणि प्रबोधनासाठी म्हणून परवानगी आली, तेव्हा किती माणसांना आनंद झाला तो त्या रागातूनच.

आणि दुसरं म्हणजे पोट. पंचमीला आमचा गट शिराळ्यात लाह्या, शेंगदाण्याचे लाडू, चहा, वडा विकायचा. एका दिवसात होणारी विक्री नंतर चार महिन्यांत होत नसे. बंदीनंतर गर्दी आटली. एका पंचमीला आम्ही अर्ध्या लाह्या परत घेऊन आलो आणि महिनाभर पोरांना चिवडा करून घातल्या. गटाच्या वहीत त्या तारखेला लाल शाईनं लिहिलेलं आहे.

तिथूनच आमचं हे दुसरं काम सुरू झालं. आमच्या तालुक्यात गुढे-पाचगणीचं पठार आहे. महाबळेश्वरजवळचं पाचगणी नव्हे, हे आमचं. वर पवनचक्क्या, पावसाळ्यात इतकं धुकं की शेजारची बाई दिसत नाही. पलीकडं वारणेचं धरण आणि चांदोलीचं जंगल. पावसाळा लागला की सांगली, कोल्हापूर, पुण्याहून गाड्या यायला लागल्या. माणसं यायची, भिजायची, फोटो काढायची आणि भुकेली परत जायची. आम्ही चुलीवरचं जेवण द्यायला सुरुवात केली. भाकरी, पिठलं, खर्डा, आंबेमोहोराचा भात, मागितलं तर कोंबडीचं कालवण. पुढं एका काकींच्या पडवीत आणि दोन खोल्यांत मुक्कामाची सोय केली. भांडी, गाद्या, न्हाणीघर यासाठी बँकेचं दीड लाख कर्ज उचललं. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला.

लोकांना जंगल दाखवायचं तर आधी आपण बघायला नको का? म्हणून गटाच्या पैशांतून आम्ही चांदोलीला गेलो. देवदर्शनाशिवाय बायकांची सहल हे आमच्या गावात पहिल्यांदा झालं. एका घरातून प्रश्न आला, “तिथं देव कुठला?” आम्ही सांगितलं, वाटेत जोतिबाला हात जोडू. जोतिबा वाटेत नाही, हे विचारणाऱ्यालाही माहीत होतं. पण सोडलं.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पावसाळ्यात बंद असतं, आम्ही थंडीत गेलो. मणदूरवरून आत शिरायचं, नाक्यावर नाव लिहायचं, पैसे भरायचे, वाटाड्या बरोबर घ्यायचा. आमच्यात एक आक्का आहेत, साठीच्या. त्यांचं माहेर या जंगलात होतं. धरण झालं, मग उद्यान झालं, आणि आतली गावं उठली. त्यांचे भाऊ आता लांब वसाहतीत राहतात. नाक्यावर पावती फाडताना त्या म्हणाल्या, “माझ्या माहेराला जायला मला तिकीट?” वाटाड्या तरुण होता. तो खाली बघत राहिला.

त्या दिवशी आम्हाला वाघ दिसला नाही. कुणाला सहसा दिसतही नाही. गव्याच्या खुरांचे ठसे दिसले, सांबराची लेंडं दिसली, झाडाच्या शेंड्यावर शेकरूचं घरटं आणि मग खुद्द शेकरू दिसलं. एवढं मोठं, तांबूस, झुबकेदार शेपटीचं. आपल्या राज्याचं मानाचं जनावर, आणि बाराजणींपैकी कुणीही ते आधी बघितलेलं नव्हतं. काकी, ज्यांनी सर्कशीत टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनी पटकन दोन्ही हात वर नेले आणि मधेच थांबवले. टाळी वाजवली तर पळेल ना ते. मग आम्ही सगळ्याजणी वर माना करून तशाच उभ्या राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, पण एकीची मान दुसऱ्या दिवशी धरली होती.

परतताना आक्कांनी गाडी थांबवायला सांगितली. झाडीत एक जोतं होतं, दगडाचं. वर करवंदीची जाळी माजलेली. त्या म्हणाल्या, हे देवळाचं असावं, आमच्या देवळाच्या पुढं चिंच होती आणि पंचमीला तिला झोका असायचा. चिंच नव्हती. किंवा त्या रानात कुठली ती, ते कळलं नाही. वाटाड्या म्हणाला, आता इथं गवे येतात. आक्का एवढंच म्हणाल्या, “येऊ देत. कुणीतरी नांदतंय.” गाडीत मात्र त्या कुणाशी बोलल्या नाहीत. जंगल राखलं की सगळ्यांचं भलं होतं, असं भाषणात म्हणणं सोपं असतं. आमच्या आक्कांच्या शेजारी बसून तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

आता ज्या गोष्टीवरून आमचं भांडण झालं ती सांगते.

मुक्कामाचं काम सुरू होऊन दुसरं वर्ष होतं. पंचमीच्या आठवड्यात चाळीस माणसांची मागणी आली, दोन रात्री, जेवणासकट. एवढ्यात कर्जाचे तीन हप्ते सहज निघाले असते. बोलणं झालं, दर ठरला, आणि शेवटी त्या माणसानं फोनवर विचारलं, “पण जिवंत नाग बघायला मिळेल ना? हातात घेऊन फोटो काढायचेत. त्याचे वेगळे देऊ.” आम्ही सांगितलं, ते बंद झालंय, कायद्यानं गुन्हा आहे. तो म्हणाला, “बंद शिराळ्यात. तुमच्या वाडीत कोण बघायला येतंय?”

ही गोष्ट गावात फुटायला वेळ लागला नाही. ओळखीतला एकजण दुसऱ्याच दिवशी दारात हजर. “मी आणतो. मडक्यात ठेवतो, रात्री पडवीत दाखवायचा, सकाळी सोडून द्यायचा. फोटोला शंभर रुपये. निम्मे तुमचे.” त्यानं हिशेबही करून दाखवला. हिशेब चुकीचा नव्हता.

गटाची सभा बसली. आमच्यातल्या पाचजणी आणायच्या बाजूच्या होत्या. त्या वाईट बायका नव्हेत. एकीच्या पोराची डिप्लोमाची फी थकली होती. दुसरी म्हणाली, “वर्षानुवर्षं पुजला, कधी त्याचं काही वाईट केलं नाही. एका रात्रीत काय होतंय?” तिसरी म्हणाली, “कायदा गरिबालाच. पैसेवाले चिडीचूप सगळं करतात.” याच्यावर काय उत्तर द्यायचं? समन्वयक म्हणून आमच्यातलीच ही बोलणारी कायदा, तुरुंग, दंड, गटाची नोंदणी असं सगळं वाचून दाखवत होती, आणि कुणी ऐकत नव्हतं. कायद्याची भीती घालून माणूस गप्प बसतो, पण त्याला पटत नाही, हे त्या सभेत कळलं.

मग एक वहिनी बोलल्या. या वहिनी सभेत कधी बोलत नाहीत, पैसे मोजून देतात आणि उठतात. त्यांचे मालक शिराळ्याच्या एका मंडळाचे नामी नाग धरणारे. बांधावर नुसती घसट बघून आत नाग आहे का धामण ते सांगणार. वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडं आषाढात मडकी माजघरात असायची. ओळीनं. एका वर्षी मी ओली बाळंतीण होते, खाटेवर. शेजारी मडकी. रात्री पोरगं रडलं की आत सळसळ व्हायची. एके दिवशी ह्यांनी फडकं सोडलं तर आत अंडी. नागीण होती ती. मडक्यात घातलेली. वीस-एक असतील. पांढरी, एकमेकीला चिकटलेली. ह्यांनी तिला काढली, दुसऱ्या मडक्यात घातली, कारण पंचमी चार दिवसांवर होती. अंडी मातीत पुरून ठेवली परड्यात. काही निघालं नाही त्यातून. वाळून गेली.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “मी तिला ओवाळलं हो पंचमीला. पोराला मांडीवर घेऊन ओवाळलं.”

कुणीच काही बोललं नाही. बाहेर पाऊस होता.

नंतर आम्ही याची माहिती काढली. जाणकारांना विचारलं, पुस्तकं बघितली. उन्हाळ्यापासून आषाढापर्यंत नागीण अंडी घालते, बारा ते तीसपर्यंत. दोन महिन्यांच्या आसपास ती उबतात, आणि तेवढे दिवस नागीण अंड्यांजवळ राहते, राखण करते. म्हणजे आपण पंचमीसाठी नाग शोधत होतो ते नेमके तेच दिवस. नागीण बिळाशी सापडायची कारण ती अंड्यांवर बसलेली असायची. आम्हाला वाटायचं, पंचमी जवळ आली की देव आपणहून दर्शनाला येतो.

दुधाचंही तसंच. साप दूध पीत नाही. पाण्यावाचून ठेवलेला साप समोर येईल ते ओलं तोंडात घेतो, आणि दूध त्याला पचत नाही. सापाला पापण्या नसतात, त्यामुळं आपण उधळलेलं हळदकुंकू त्याच्या उघड्या डोळ्यांवर बसतं. आणि नाग फणा काढतो तो प्रसन्न होऊन नव्हे, घाबरला म्हणून काढतो. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात जड गेलं. त्या फोटोंत आम्ही हसतोय आणि तो घाबरलेला आहे.

तर सभेत मत घेतलं. नऊजणी नको म्हणाल्या, दोघी आणा म्हणाल्या, एकीनं हात वर केलाच नाही. मागणी रद्द झाली. त्या महिन्याचा हप्ता आम्ही गटाच्या बचतीतून भरला, पुढचा उशिरा भरला आणि बँकेत जाऊन बोलणी खाल्ली. ज्या दोघी आणा म्हणाल्या होत्या त्यातल्या एकीनं चार महिने गट सोडला. परत आल्या, पण फी भरायला त्यांनी कानातली मोडली होती, आणि ती आम्ही रोज बघतो, म्हणजे ती नसलेली बघतो. योग्य ते केलं की नुकसान होत नाही, असं आम्ही तुम्हाला सांगणार नाही.

वहिनींच्या मालकांचं काय झालं, हे सांगितलं पाहिजे. त्यांना अजूनही वाटतं, त्यांच्यावर अन्याय झाला. ते म्हणतात, “मी एकही नाग मारला नाही. लोक दिसला की ठेचायचे, आमच्या शिराळ्यात कुणी ठेचत नव्हतं.” हेही खरंच आहे. नागाला काठी न उचलणारं गाव तयार झालं ते त्या पूजेमुळंच. आता घरात साप निघाला की गाव त्यांनाच हाक मारतं. ते येतात, वन खात्याला कळवतात, लांब दांड्याच्या आकड्यानं उचलतात, बरणीत घालतात आणि लगेच जवळच्या रानात सोडतात. गळ्यात घालून फोटो नाही, मोबाइलवर व्हिडिओ नाही. आजकाल साप धरणाऱ्या पोरांना त्या व्हिडिओचं फार वेड, आणि त्यापायी जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. हे मालक त्या पोरांवर खेकसतात. पाहुणे आले की सकाळी ते त्यांना बांधावरून फिरवून आणतात. वारूळ मुंग्या नव्हे, वाळवी बांधते आणि नाग त्यात नुसता भाडेकरू, असं त्यांच्या तोंडून ऐकायला पाहुण्यांना मजा वाटते. टाकलेली कात दाखवतात, उंदराची बिळं दाखवतात. साप दिसतोच असं नाही. फेरीचे पैसे गट त्यांना देतो. पंचमीच्या दिवशी मात्र ते येत नाहीत. घरात दार लावून बसतात.

तेवढ्यावरून सापाबद्दल दोन कामाच्या गोष्टी सांगून घेते, कारण ऐकणाऱ्या बहुतेकजणी रानात जाणाऱ्या आहेत. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार विषारी साप माणसाला जास्त चावतात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, कित्येकदा खूणही नीट दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात खाली झोपू नका, खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. पहाटे बाहेर जाताना बॅटरी घ्या. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही, देवळात न्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरळ सरकारी दवाखाना. साप धरून बरोबर न्यायची गरज नाही. आमच्या भावकीत एक जीव असाच देवळाच्या पायरीवर गेला. तो विषय आज नको.

गेल्या काही वर्षांत पाहुण्यांमध्येही फरक पडलाय, हे आम्ही बघतोय. पूर्वी पहिला प्रश्न, काय दिसेल? आता काहीजण विचारतात, त्रास होणार नाही ना त्याला? ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात आमच्या भागात. आधी लोक ती उचलून घरी आणायचे, कडेवर घेऊन फोटो काढायचे. आता तोड थांबवतात, वन खात्याची माणसं येतात, पिल्लं त्याच जागी पेटीत ठेवतात आणि लांब जातात. रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. मुकादम कुरकुरतो, पण थांबतो. २०२५ साली ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणली, आधी थोडे दिवस मोठ्या कुंपणात ठेवली आणि मग मोकळी केली. ती दिसावी म्हणून नव्हे, ती असावी म्हणून. आमच्या शेळ्या असलेल्या बायकांना त्याची धास्तीही वाटते. आक्का म्हणाल्या, “माझ्या माहेरी नवी सून आली म्हणायची.”

मागल्या पंचमीला आम्ही काय केलं ते सांगून थांबते. काकींच्या परड्यातल्या चिंचेला जाड सोलाचा झोका बांधला. कुंभाराकडून मातीचे नाग आणले, पाहुण्यांच्या पोरांना ओली माती देऊन त्यांच्याकडूनही करवून घेतले. एकाचा नाग हुबेहूब गोगलगाय झाला होता, तोही पुजला. तवा ठेवला नाही, सगळ्यांना दिंडं आणि तुपाची वाटी. दुपारी वारुळापर्यंत चालत गेलो, लाह्या वाहिल्या, लांबूनच. सतराच माणसं आली होती, चाळीस नव्हे. पुण्याची एक आजी, सत्तरीच्या पुढची, झोक्यावर बसली आणि उतरायलाच तयार होईना. तिच्या सुनेनं हाक मारली, “आई, गाडी निघायचीय,” तर म्हणाली, “जाऊ दे तिला.”

संध्याकाळी आवराआवर करताना बघितलं तर वहिनींचे मालक चिंचेखाली उभे. दोराची गाठ तपासत होते. म्हणाले, गाठ सैल बांधलीय बायकांनी, कुणी पडेल. मग स्वतः सोडून परत बांधली. तोवर झोक्यावर बसायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून आत्याबाई बसल्या आणि त्यांनी झोका दिला.

यंदाही पंचमीला झोका असणार आहे. यायचं असेल तर केंद्रावर नाव कळवा, जेवणाचा अंदाज यायला बरं पडतं. जिवंत नाग दाखवला जात नाही, हे आधीच सांगते. नमस्कार.